वरची रेघ

१५ जून, शनिवार

रेघ आली!

अक्षराच्या बरोबर वर, मधोमध. ना उजवीकडे कललेली, ना डावीकडे. आणि उलटा स्वल्पविरामही आला, माशाच्या गळासारखा. चार महिने या दोन खुणांच्या जागी टॅबलेट मला रिकामे चौकोन दाखवत होता. दात पडल्यासारखी दिसायची वाक्यं. माझ्या कॉमिकसाठी मिळतील ते फॉन्ट उतरवून पाहिले. एकतीस झाले. सगळे गोंडस, गुबगुबीत. आमच्या बेटाच्या भाषेतली ही रेघ एकालाही माहीत नाही.

आणि रेघेवाचून चालणार कसं? मुलगा आणि बाप, दोन्ही शब्दांची अक्षरं तीच. शेवटच्या अक्षरावर रेघ असेल तर बाप, नसेल तर मुलगा. कॉमिकच्या दुसऱ्या भागात माझा बस-ड्रायव्हर ओरडतो, ‘थांबा, बाप चढतोय!’ – आणि लोकांनी वाचलं, ‘थांबा, मुलगा चढतोय!’ खालच्या चौकटीत काठी टेकत म्हातारा. ऑकलंडहून एपेनेसाने लिहिलं, ‘मुलगा जरा लवकर पिकलाय का रे?’ (एपेनेसा माझी चुलतबहीण. टॅबलेट तिचाच – कोपरा फुटला म्हणून मला मिळाला.)

म्हणून स्वतःच फॉन्ट केला. लाकडी बसगाड्यांच्या पत्र्यावर नावं रंगवताना काढतो तेच अक्षर. एकेक कागदावर काढून, फोटो घेऊन, अॅपमधल्या एकेका घरात बसवलं. ‘ग’ सात वेळा काढला. रेघेची जाडी अक्षराच्या जाडीइतकी ठेवली तर ती झोपल्यासारखी दिसते. थोडी बारीक केली की जागी होते. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

बसचं कॉमिक आहे, म्हणून फॉन्टला नाव दिलं ‘पत्रा’.

१६ जून, रविवार

चर्चनंतर जेवायला बसलो. बाबा म्हणाले, ‘पेतेलो, मिठाचं भांडं इकडे देण्याची आपण कृपा कराल का?’

पेतेलो. सगळं गाव मला पेकेलो म्हणतं. आई, सिनिवा आत्या, बसवाले, कोंबड्या हाकणारी पोरं, सगळे. घरात, मळ्यात, बसमध्ये माणूस ‘क’ बोलतो. चर्चमध्ये, सभेत, पाहुण्यांशी आणि कागदावर ‘त’. शब्द तेच, फक्त घरी आले की ‘त’चा ‘क’ होतो, ‘न’चा ‘ङ’. बाबा गावाच्या वतीने सभेत बोलणारे. त्यांच्या ‘त’साठी शेजारच्या जिल्ह्यातून बोलावणी येतात. पण घरी आले की पायातल्या चपलेबरोबर ‘त’ही बाहेर काढून ठेवतात.

माझ्याशी मात्र पाच वर्षं ‘त’. मी अकरावीत शाळा सोडली त्या दिवसापासून. पेपरात पहिल्याच पानाचं शुद्धलेखन तपासत बसलो, वेळ संपली, बाकीची पानं कोरी. पाद्री होण्याचं कॉलेज तिथेच संपलं. बाबा ओरडले नाहीत, मारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, ‘पेतेलो, आपण कोको घेणार का?’

पाहुण्याला विचारतात तसं. मी अजून पाहुणाच आहे.

मीठ दिलं.

१९ जून, बुधवार

सालेलोलोगाला, बोटींच्या धक्क्याजवळ बस रंगवत होतो. निळ्यावर पिवळं. चौथ्या अक्षराचा पाय लांबला – आणि मी पत्र्यावर दोन बोटं टेकवली! टॅबलेटवर दोन बोटं टेकवली की शेवटची चूक पुसली जाते. पत्र्यावर दोन पिवळे ठसे उमटले. बसवाला म्हणाला, ‘आशीर्वाद देतोयस का रे गाडीला? ब्रेकलाही दे.’

२२ जून, शनिवार

चौथा भाग नेटवर टाकला. ‘पत्रा’ फॉन्टमधला पहिला! एकही चौकोन नाही. रेघा सगळ्या, स्वल्पविराम सगळे. तीनदा तपासलं. रंग सपाट भरले. अॅपमधल्या बादलीने ओतलेला रंग बाहेर गळत होता, कारण खिडकीच्या रेघेत केसाएवढी फट राहिली होती. मोठं करून फट शोधली, बुजवली. आता चौकटींची उभी पट्टी बोटाने वर सरकवली की रस्ता खाली धावतो. हे मला फार आवडतं.

सिनिवा आत्याला दाखवला. आत्या बसथांब्यावर नारळाच्या रसातले पाव विकते, त्यामुळे तिला बसमधलं सगळं माहीत. तिने डोळे बारीक करून वाचलं. ‘चित्र बेस आहे. ही मीच ना? एवढी जाड?’

म्हटलं, नाही आत्या, दुसरी कुणीतरी.

‘मीच आहे. असू दे. पण हे काय? हिच्या मांडीवर तो ढोल्या येऊन बसलाय, वर त्याच्या मांडीवर दोन पोरं, आणि ही म्हणते – कृपया किंचित सरकावे? मेली आहे का ही? ही माणसं बसमध्ये आहेत की चर्चमध्ये?’

तिचं खरं आहे. मी सगळं ‘त’मध्ये लिहिलंय. कारण लिहायचं म्हणजे ‘त’च.

२३ जून, रविवार

पाद्रींच्या शाळेत, सहा वर्षांचा असताना, पाटीवर ‘क’ लिहिला होता. बोटांवर पट्टी बसली. अजून आठवते.

२६ जून, बुधवार

लिहिलं. ‘क’मध्ये.

आमच्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब, तरी आधी लावून घ्यायला दार शोधलं. कुणी बघत नव्हतं, तरी टॅबलेट पोटाशी धरून लिहिलं. बोलण्याचा एक फुगा. मग दुसरा. आणि ती बाई जिवंत झाली! ‘ए डुकरा, मांडी आहे ही, मैदान नाही!’ मी एकटाच मोठ्याने हसलो.

पण एक नियम घातला. ‘क’ असला म्हणून गबाळेपणा नाही. ‘क’मध्येही रेघ तिथेच असते, स्वल्पविराम तिथेच असतो. लोक फोनवर ‘क’ लिहितात ते कसंही, रेघ नाही, खूण नाही, शेणात पाय दिल्यासारखं. मी ‘क’ला अंघोळ घालून, स्वच्छ कपडे घालून बाहेर काढणार.

२९ जून, शनिवार

पाचवा भाग टाकला. सगळा ‘क’. टाकताना टॅबलेटचं पेन निसटलं, त्याचं टोक वाकलं. आणखी एक आहे शिल्लक.

३ जुलै, बुधवार

इतके दिवस साठ-सत्तर माणसं वाचायची. आज नऊशे! ब्रिस्बेनहून एक बाई लिहिते, ‘मी हे बाथरूममध्ये बसून मोठ्याने वाचलं. अकरा वर्षांनी आईचा आवाज ऐकला.’ एकाने लिहिलंय, ‘हे अक्षर कुठलं? रेघा पहिल्यांदाच नीट दिसल्या.’ मी उत्तर दिलं: माझं.

एकच शब्द लिहिला, पण चारदा तपासला.

आत्या थांब्यावर सगळ्यांना सांगते, ‘ती जाडी मीच बरं का!’ पावांच्या टोपलीवर ‘पत्रा’मध्ये तिचं नाव रंगवून मागितलं. दिलं.

बाबांनी काही विचारलं नाही. त्यांचा फोन साधा, बटणांचा. बघणार तरी कशात?

४ जुलै, गुरुवार

अडचण एक होती. माझं डोकं शुद्ध ‘त’मध्येच लिहितं. ‘क’मध्ये लिहायला लागलो की अधूनमधून ‘त’ सुटतोच. सहाव्या भागात एकशे बारा फुगे आहेत. मग आज अॅपमध्ये ‘शोधा आणि बदला’ सापडलं. आधी सगळं ‘त’मध्ये लिहायचं, रेघा-स्वल्पविराम तपासायचे, आणि शेवटी: ‘त’ शोधा, ‘क’ लावा. ‘न’ शोधा, ‘ङ’ लावा. एकशे बारा फुगे, एक टिचकी. सगळी बस एकदम घरी आली!

खुर्चीवरून उठून आत्याला दाखवायला धावलो. ती म्हणाली, ‘याच्यासाठी यंत्र लागतं? माझं तोंड जन्मापासून हेच करतं.’

६ जुलै, शनिवार

सहावा भाग टाकला. यात डोंगराच्या वळणावर ब्रेक कुरकुरतो आणि छत्रीवाले पाद्री – आमच्याच गावच्या पाद्रींवरून काढलेले – उठून प्रार्थना म्हणतात. सगळी बस डोकं खाली घालते, ड्रायव्हरसुद्धा, तेव्हा आत्या त्याच्या डोक्यात टपली मारते – ‘तू नको रे!’ आजवरची सगळ्यात चांगली चौकट. बसच्या काचेवरचं ऊन वेगळ्या लेयरवर ठेवलं आणि लेयर निम्मा पारदर्शक केला. काच खरीच काच झाली.

७ जुलै, रविवार

प्रार्थना.

प्रार्थनासुद्धा बदलली. ती एकशे बारातच होती. मी ‘सगळे’ म्हटलं, यंत्राने सगळे केले. पाद्री ‘क’मध्ये प्रार्थना म्हणतायत. देवाचं नाव, अतुआ, तिथे अकुआ! मळ्यात डुकराला हाक मारावी तसं!

चर्चमध्ये बसलो तेव्हाच मागून कुजबुज आली. ‘अकुआ’ म्हणून कुणीतरी खिदळलं. मला वाटलं दुसरंच काही. बाहेर पडल्यावर चर्चचा कारभार बघणाऱ्या एका म्हाताऱ्या डीकनने बाबांना बाजूला घेतलं. बाबांची मान हळूहळू ताठ होत गेली ती मी पाहिली.

जेवताना बाबा: ‘पेतेलो, आपल्या चित्रातले पाद्री कोणत्या शाळेत शिकले, ते सांगाल का?’

आईने ताटलीकडे पाहिलं. मी म्हटलं, चूक झाली. यंत्राने बदललं.

‘यंत्राला बोट कोणाचं लागलं?’

माझं.

‘उद्या सकाळी अंगावर स्वच्छ शर्ट असू द्या.’

चौकट काढून टाकली. पण पंधराशे लोकांनी पाहिली होती.

८ जुलै, सोमवार

बाबा पुढे, मी मागे. बाबांच्या खांद्यावर तारोच्या कंदांची टोपली, माझ्या हातात कोकोच्या वड्या आणि एक कोंबडा, तो सारखा ओरडत होता. मी मागितली तरी टोपली दिली नाही.

पाद्रींच्या घरी चटईवर बसलो. मला वाटलं, माफी मी मागायची. पाठही केली होती. पण बाबांनी सुरुवात केली. सभेत बोलतात तसं, पूर्ण ‘त’, आधी गावाला वंदन, मग चर्चला, मग त्या घराला. आणि मग, ‘माझा मुलगा, पेतेलो.’ ते म्हणाले, चूक अक्षराची आहे, अनादराची नाही. म्हणाले, माझा मुलगा अक्षरांचं काम करतो, आणि अक्षरांचं काम करणाऱ्याची चूक सगळ्यांना दिसते.

अक्षरांचं काम करतो! पाच वर्षांत माझ्या कामाला त्यांच्या तोंडून नाव मिळालं ते आज, माफी मागताना.

मी मान खाली घालून बसलो होतो. वर बघितलं असतं तर लोकांना वाटलं असतं, याला शरम नाही.

पाद्री म्हणाले, ‘देवाला क कळत नाही असं नाही, पेतेलो. पण माझ्या तोंडी घालू नका. गाव मला आता थांब्यावर हसतं.’ मग छत्रीकडे बघून, ‘छत्री मात्र हुबेहूब आहे.’ आणि उठता उठता विचारलं, ‘ते रेघा दिसणारं अक्षर, ते स्तोत्रांना लावता येईल का? प्रोजेक्टरने भिंतीवर पडतात तेव्हा निम्मे चौकोन असतात. लोक अंदाजाने गातात.’

हो म्हटलं. दोनदा म्हटलं.

कोंबडा पाद्रींकडेच राहिला, त्यामुळे परतताना फारच शांत वाटलं.

९ जुलै, मंगळवार

दुरुस्त चौकट टाकली. प्रार्थना ‘त’मध्ये, बाकी बस ‘क’मध्ये. बदलायच्या आधी प्रार्थनेच्या लेयरला कुलूप लावलं. लेयरला कुलूप लावता येतं हे कालपर्यंत माहीत नव्हतं!

आणि आश्चर्य म्हणजे चौकट आता जास्त चांगली झालीय. सगळे बडबडत असताना एक माणूस ‘त’ बोलायला लागला की बस थांबल्यासारखी वाटते.

आत्याचं मत वेगळं: ‘पहिली बरी होती. बस दरीकडे घसरली तर मी क-मध्येच ओरडणार. तेव्हा देव काय म्हणेल, आधी शुद्ध बोल?’

१४ जुलै, रविवार

आज माझं अक्षर चर्चच्या भिंतीवर. हातभर उंच!

आठवडाभर स्तोत्रं लिहिली. बावीस पानं, प्रत्येक रेघ छापील पुस्तकाशी ताडून. एवढं मोठं केल्यावर ‘ग’ची शेपटी थोडी जाड दिसली, ती मध्येच फॉन्टमध्ये जाऊन बारीक केली आणि सगळ्या पानांवर एकदम बारीक झाली. शेवटच्या बाकावरून वाचता येत होतं. मी शेवटच्या बाकावरच बसलो होतो, ते बघायलाच. लोक अंदाजाने गात नव्हते. जिथे स्वर लांबवायचा तिथे तीनशे माणसांनी एकदम लांबवला. माझ्या रेघेवर!

बाबा पुढच्या बाकावर. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं होतं. भिंतीवर बघून गात होते.

घरी आल्यावर: ‘अक्षर वाचता येतं.’

‘त’मध्ये. पण म्हणाले.

२७ जुलै, शनिवार

सातवा भाग. ठीक. चार हजार. पेनाचं शेवटचं टोक लावलंय.

३ ऑगस्ट, शनिवार

आठवा भाग काढतोय. यात दुसऱ्या भागातला म्हातारा परत चढतो. तो ड्रायव्हरचा बाप. बस भरलेली, सगळे उठून जागा देतात, पण तो मागे जाऊन उभा राहतो आणि आरशातसुद्धा मुलाकडे बघत नाही. सबंध भागभर दोघांचा एकही फुगा नाही. मग बाप उतरतो, पाऊलवाटेने चालायला लागतो, आणि ड्रायव्हर खिडकीतून एकाच शब्दाची हाक मारतो, ‘बाप!’

ती हाक फॉन्टमध्ये टाकून पाहिली. फारच नीटनेटकी दिसते. बोलावणं छापल्यासारखी. म्हणून ती हातानेच काढली, चित्राच्याच लेयरवर, सगळ्यात रुंद ब्रशने, बसच्या छतापासून पार डोंगरापर्यंत. हात स्थिर करणारी सोय बंद करून टाकली. कापू दे अक्षर.

एक शब्द काढायला दुपार गेली. नऊ वेळा पुसला.

१० ऑगस्ट, शनिवार

टाकला. उद्या बापांचा रविवार आहे, म्हणून आजच.

आता तपासायची पद्धत बसवलीय. सगळे फुगे एका यादीत येतात, ज्या शब्दांवर रेघ हवी त्यांची दुसरी यादी मी केलीय, दोन्ही एकमेकींशी जुळवून बघतो. चूक: शून्य. पुन्हा केलं. शून्य. तिसऱ्यांदा. शून्य!

पाच वर्षांपूर्वी ही सोय असती तर दुसऱ्या पानावर गेलो असतो.

११ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये बाप लोकांना हार. भिंतीवर माझं अक्षर. जेवण आज मुलांनी वाढायचं. बाबांना वाढलं, ते म्हणाले, ‘आभारी आहे, पेतेलो.’

सहा हजार लोकांनी वाचलंय. कॉमेंटमध्ये निम्मे रडतायत, निम्मे त्यांना हसतायत. दोघंतिघं काहीतरी रेघेबद्दल म्हणतायत. फॉन्टचं कौतुक असणार. उद्या नीट वाचीन.

१२ ऑगस्ट, सोमवार

सुट्टी. बाबांनी सिनिवा आत्याचा फोन मागून नेला. समुद्राचा अंदाज बघायचाय म्हणाले. होडी तर गेल्या वर्षीच विकली. आत्या म्हणाली, ‘दोन तास झाले, एवढा मोठा समुद्र कुठला बघतोय हा?’

१३ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी चुलीपाशी कोको ढवळत होतो. मागून आवाज आला, ‘पेकेलो! शेवटच्या चौकटीत मला पोरगा करून ठेवलंस की रे, गाढवा. वरची रेघ कुठाय?’

बघितलं. खरंच नाही. यंत्र फुगे तपासतं. हाताने काढलेली हाक त्याच्या लेखी चित्र.

एका मिनिटाचं काम आहे. आज करणार नाही.